उत्तर एका शब्दाचे चालेल, पण प्रश्न तरी पुरता हवा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील सामान्य ज्ञानाचे सदर आमच्या गावच्या अभ्यासिकेत किती मन लावून वाचले जाते, याची आपणांस कदाचित कल्पना नसेल. अंक आला की आधी त्या चौकटीचे मोबाइलवर छायाचित्र निघते, दुपारी तिचे कात्रण वहीत चिकटवले जाते आणि पूर्वपरीक्षेच्या आदल्या रात्री मुले तीच वही उघडून बसतात. बातमी दुसऱ्या दिवशी शिळी होते. हे सदर मात्र पाठ होते. म्हणूनच गेल्या रविवारच्या तीन प्रश्नांविषयी जरा सविस्तर लिहीत आहे. एक प्रश्न प्राचीन सागरी जीवसृष्टीवर होता, दुसरा ऑलिंपिकवर आणि तिसरा जुन्या युद्धनौकांवर. विषय तीन असले तरी दोष एकच आहे, आणि तो उत्तरांपेक्षा प्रश्नांत अधिक आहे. ज्या अटीवर उत्तर बरोबर ठरते ती अटच प्रश्नातून गळली की बरोबर उत्तरही दिशाभूल करते.

पहिला प्रश्न होता, ‘समुद्रात राहणारा सर्वांत मोठा डायनासोर कोणता?’ आणि उत्तर छापले होते ‘मोसासॉर’. मोसासॉर हा डायनासोर नव्हताच. तो आजच्या घोरपडी आणि सापांच्या गोतावळ्यातला, डायनासोर-युगाच्या अखेरच्या टप्प्यात समुद्रात उतरलेला सरपटणारा प्राणी. दिसायला डॉल्फिनच्या जवळचे असलेले इक्थिओसॉर आणि लांब मानेचे प्लेसिओसॉर यांचीही गोष्ट तीच. डायनासोर हा मुळात जमिनीवर, पाय शरीराच्या सरळ खाली ठेवून चालणाऱ्या प्राण्यांचा गट आहे. जमिनीवरचे इतर सरपटणारे प्राणी वेगवेगळ्या काळी समुद्रात परतले, त्यांच्या पायांची वल्ही झाली, पण श्वास घ्यायला त्यांना पृष्ठभागावर यावेच लागे. इक्थिओसॉर तर अंडी न घालता पाण्यातच पिलांना जन्म देत. जर्मनीतील होल्त्समाडेन येथे पोटात पिले असलेल्या माद्यांचे जीवाश्म सापडल्याने हे निश्चितपणे सांगता येते. शिवाय हे इक्थिओसॉर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच संपले, म्हणजे डायनासोरांच्या अस्तापूर्वी दोन कोटींहून अधिक वर्षे आधी. इतका वेगळा इतिहास असलेल्या प्राण्यांना एकाच पोत्यात भरणे बरे नव्हे. काटेकोरच व्हायचे तर पक्षी हे डायनासोरांचेच वंशज असल्याने ‘समुद्रात पोहणारा डायनासोर’ हे बिरुद मोसासॉरपेक्षा पेंग्विनला अधिक शोभेल. पण असा प्रश्न विचारला तर आपल्याकडे पत्रांचा पाऊस पडेल.

बरे, ‘डायनासोर’ ऐवजी ‘सागरी सरपटणारा प्राणी’ असे लिहिले असते तरी उत्तर टिकले नसते. इंग्लंडच्या सॉमरसेट किनाऱ्यावर २०२० मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलीला आणि तिच्या वडिलांना जबड्याच्या एका प्रचंड हाडाचे तुकडे सापडले. ते जोडल्यावर एकट्या त्या हाडाची लांबी दोन मीटरांहून जास्त भरली. २०२४ मध्ये या प्राण्याला इक्थिओटायटन असे नाव देण्यात आले आणि त्याची लांबी सुमारे २५ मीटर असावी, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला. हा अंदाज जबड्यावरून बांधलेला आहे, पूर्ण सांगाड्यावरून नव्हे, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. मेगालोडॉन या नामशेष शार्कची लांबी प्रत्येक पुस्तकात वेगळी का दिसते, याचेही कारण असेच आहे. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, तो सहसा टिकत नाही, आणि मग दातांवरून व थोड्याफार मणक्यांवरून सगळा हिशेब मांडावा लागतो. त्यामुळे ‘सर्वांत मोठा’ हा प्रश्न जीवाश्मांच्या बाबतीत विचारायचा असेल, तर ‘आजवर सापडलेल्यांपैकी’ आणि ‘अंदाजे’ हे दोन शब्द सोडून चालणार नाही.

त्याच इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम रीजिस या गावी, दोनशे वर्षांपूर्वीही मेरी ॲनिंग नावाची एक मुलगी होती. तिचे वडील सुतारकाम करीत आणि सुट्टीवर आलेल्या लोकांना कड्यातून काढलेले जीवाश्म विकत. ते १८१० मध्ये वारले. पुढच्या वर्षी भावाला एक विचित्र कवटी सापडली आणि १८१२ मध्ये बारा-तेरा वर्षांच्या मेरीने त्या प्राण्याचा उरलेला सांगाडा शोधून काढला. तो इक्थिओसॉर होता. पुढे १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉरचा पहिला पूर्ण सांगाडा शोधला. पण स्त्री म्हणून लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेचे सदस्यत्व तिला कधीच मिळाले नाही. इंग्लिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी डायनासोर हा गट १८४२ मध्ये मांडला, म्हणजे सागरी सरपटणारे प्राणी शास्त्रज्ञांना त्याच्या तीस वर्षे आधीपासून माहीत होते. आणि हे सारे परदेशातच आहे असेही नाही. गुजरातमध्ये कच्छमधील लोडाई गावाजवळ सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या इक्थिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा मिळाला आणि त्यावरील संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तो सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. कच्छच्या त्या कोरड्या माळावर तेव्हा समुद्र होता, एवढे एक वाक्य उत्तराखाली छापले तर मुलांना भूगोल आणि जीवशास्त्र एकदम समजेल.

समुद्राच्या या जुन्या इतिहासाचा पुरावा आपल्यापैकी पुष्कळांच्या देव्हाऱ्यातही आहे. नेपाळमधील गंडकी नदीच्या पात्रातून येणारे शाळिग्राम हे बहुतांशी अमोनाइट या शंखधारी प्राण्याचे जीवाश्म असतात. फुटलेला शाळिग्राम नीट पाहिला तर आत वळसे घेत गेलेले चक्र आणि त्यावरचे उभे कंगोरे स्पष्ट दिसतात. या शंखाचे आतून कप्पे असत. प्राणी शेवटच्या मोठ्या कप्प्यात राही आणि मागच्या कप्प्यांत वायू असल्याने तो पाण्यात तरंगून राहू शके. जिथे आज हिमालय आहे तिथे टेथिस समुद्र होता, तळाचा गाळ उचलला जाऊन पर्वत झाला आणि नदीने तो पोखरून हे गोटे पुन्हा खाली आणले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनासोरांबरोबर अमोनाइटही संपले. त्याच सुमारास आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाच्या रूपाने थरावर थर साचत होता. श्रद्धेला कुठेही धक्का न लावता हा प्रश्न विचारता येतो, आणि घरोघरी तो पडताळूनही पाहता येतो. मोसासॉरपेक्षा मला तो कितीतरी मोलाचा वाटतो.

दुसरा प्रश्न, ‘ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक जिंकणारा पहिला भारतीय कोण?’ उत्तर दिले आहे, खाशाबा जाधव. मी कराडचा. खाशाबांचे गोळेश्वर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकून ते परतले, तेव्हा निघालेल्या बैलगाड्यांच्या मिरवणुकीच्या कथा आमच्याकडे आजही सांगितल्या जातात. त्यामुळे या उत्तराला हरकत घेताना मला सुख वाटत नाही. पण १९०० साली पॅरिसमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यत यांत दोन रौप्यपदके मिळवली होती आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ती आजही भारताच्या खात्यावर मांडते. अडचण अशी की त्या काळी राष्ट्रवार संघ पाठवण्याची आजच्यासारखी पद्धत नव्हती, भारताची ऑलिंपिक समितीही नव्हती, आणि प्रिचर्ड इंग्लंडला गेला असताना तिथूनच पॅरिसला पोहोचला. त्यामुळे ॲथलेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींत त्याला ब्रिटनचा खेळाडू म्हणून दाखवले. (हा गृहस्थ पुढे अमेरिकेत जाऊन नाव बदलून मूकपटांत कामे करू लागला, हे वाचून आमच्या अभ्यासिकेतली मुले प्रश्नापेक्षा त्यातच जास्त रमली.)

या सर्व गुंत्यातून वाट अगदी सोपी आहे. ‘स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कोणी मिळवून दिले?’ असे विचारावे. मग खाशाबांच्या नावाला कोणीही आव्हान देऊ शकत नाही. उलट त्या ‘स्वतंत्र’ शब्दामुळे त्यांच्या पराक्रमाचे खरे माप कळते. १९४८ च्या लंडन स्पर्धेत ते फ्लायवेट गटात सहावे आले, पुढच्या वेळी वरच्या वजनगटात उतरून त्यांनी पदक आणले, आणि त्यांच्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळवायला देशाला १९९६ च्या अटलांटा स्पर्धेतील टेनिसपटू लिअँडर पेसपर्यंत ४४ वर्षे थांबावे लागले. महाराष्ट्राला तर त्याहूनही अधिक. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवले ते २०२४ मध्ये, ७२ वर्षांनी.

क्रीडाविषयक आणखी दोन दंतकथा या सदरात अधूनमधून डोकावतात, त्या एकदाच्या निकालात काढाव्यात. हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ असल्याचे अधिकृतरीत्या जाहीर झालेले नाही. माहितीच्या अधिकारात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना केंद्रीय क्रीडा मंत्रालयानेच हे २०१२ मध्ये स्पष्ट केले. आणि १९५० च्या ब्राझीलमधील विश्वचषक फुटबॉल स्पर्धेला भारतीय संघ गेला नाही तो ‘अनवाणी खेळू दिले नाही म्हणून’, ही गोष्ट ऐकायला छान असली तरी टिकत नाही. ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स यांनी माघार घेतल्याने भारत न खेळताच पात्र ठरला होता. लांबचा समुद्रप्रवास, संघनिवडीवरील मतभेद आणि विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकला दिलेले महत्त्व ही कारणे अधिक पटण्याजोगी आहेत. शिवाय बूट हीच अडचण असती, तर दोनच वर्षांनी हेलसिंकीत आपले बरेचसे खेळाडू अनवाणी कसे उतरले? तिथे युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे हरवले आणि मग बुटांचा आग्रह सुरू झाला.

आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी मी खरे तर लेखणी उचलली. ‘आजही अस्तित्वात असलेली सर्वांत जुनी युद्धनौका कोणती?’ उत्तर, ‘व्हिक्टरी’. ब्रिटिश नौसेनापती नेल्सनची ही नौका १७६५ मध्ये पाण्यात उतरली, २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत तिच्याच डेकवर नेल्सनला गोळी लागली, आणि ब्रिटिश नौदलाच्या पटावर ती आजही सेवारत नौका म्हणून नोंदलेली आहे. पण १९२२ पासून ती पोर्ट्समथच्या सुक्या गोदीत उभी आहे, पाण्यात नाही. प्रश्नात ‘तरंगणारी सेवारत’ असे दोन शब्द घातले की उत्तर बदलून अमेरिकेची ‘कॉन्स्टिट्यूशन’ होते, जी २१ ऑक्टोबर १७९७ रोजी, म्हणजे योगायोगाने ट्रफाल्गरच्याच तारखेला, पाण्यात उतरली आणि बोस्टनमध्ये आजही तरंगते आहे. ‘सेवारत’ ही अट काढून ‘ब्रिटनमधील तरंगती’ असे म्हटले की उत्तर तिसरेच येते: ‘ट्रिंकोमाली’. आणि ही ट्रिंकोमाली मुंबईत बांधलेली आहे! मराठी दैनिकातल्या मराठी सदराने पोर्ट्समथपर्यंत जावे आणि मुंबईच्या गोदीतली नौका वगळावी, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

या नौकेची हकीकत कादंबरीला शोभेल अशी आहे. नेपोलियनच्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये जहाजबांधणीच्या ओक लाकडाची टंचाई होती. मलबारचे सागवान मात्र मुंबईला सहज पोहोचत होते. सागाला तेल असते, त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंड ओकमध्ये गंजते तसे गंजत नाही, आणि लाकूड खाऱ्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकते. मुंबईच्या गोदीत सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांचे घराणे १७३६ पासून जहाजे बांधत होते. त्यांना नव्या फ्रिगेटचे, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेचे, काम देण्याचे ठरले आणि तिचे आराखडे ‘जावा’ या ब्रिटिश युद्धनौकेतून इंग्लंडहून मुंबईला रवाना झाले. ते पोहोचलेच नाहीत. तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात युद्ध सुरू होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ची गाठ पडली ती नेमकी ‘कॉन्स्टिट्यूशन’शी. लढाईत कॉन्स्टिट्यूशनचे सुकाणूचक्र उडाले, पण जावाच्या डोलकाठ्या कोसळून ती इतकी खिळखिळी झाली की अमेरिकी कप्तान बेनब्रिजने तिचे चक्र काढून आपल्या नौकेला बसवले आणि जावा पेटवून दिली. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे एक संभाव्य उत्तर त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या संभाव्य उत्तराचे आराखडे समुद्रात बुडवून बसले होते. आराखड्यांची दुसरी प्रत दुसऱ्या जहाजाने १८१३ मध्ये मुंबईला पोहोचली.

इथे आपल्या इतिहासाशी जोडणारा एक धागा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. जावावर युद्धकैदी झालेल्यांत मुंबईच्या सेनापतिपदावर रुजू होण्यासाठी निघालेले टॉमस हिस्लॉप हे सेनाधिकारी होते. सुटका होऊन ते इंग्लंडला परतले, नंतर मद्रासच्या फौजेचे सेनापती म्हणून हिंदुस्थानात आले, आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी माळव्यातील महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारे हिस्लॉप ते हेच. त्यानंतर दोन महिन्यांनी खानदेशातील थाळनेर किल्ल्याच्या किल्लेदाराला त्यांनी फाशी दिली. त्या कृत्यावर खुद्द इंग्लंडमध्येही टीका झाली.

ट्रिंकोमालीचे काम १८१६ मध्ये सुरू झाले. जमशेटजी बमनजी वाडियांनी पारशी प्रथेप्रमाणे तिच्या तळकण्यात, म्हणजे तळाच्या मुख्य लाकडात, चांदीचा खिळा ठोकून विधी केला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका मुंबईच्या पाण्यात उतरली. तारीख पाहावी: त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीच्या माळावर पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. एकाच पावसाळ्याअखेरीस मुंबईत ब्रिटिश आरमारासाठी सागवानी फ्रिगेट तयार होत होती आणि घाटावर मराठी राज्य शेवटच्या घटका मोजत होते, ही जुळणी पाठ्यपुस्तकात कुठेच सापडत नाही, कारण आपण नौदलाचा इतिहास आणि मराठ्यांचा इतिहास वेगवेगळ्या कप्प्यांत शिकवतो.

पुढचे थोडक्यात. ही नौका १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोहोचली तेव्हा युद्धे संपली होती, म्हणून वर्षानुवर्षे नुसती राखीव पडून राहिली. नंतर वेस्ट इंडिज आणि पॅसिफिकमध्ये फिरली. १८९७ मध्ये भंगारात निघताना एका धनिकाने ती विकत घेऊन ‘फुद्रोयां’ असे नाव देऊन मुलांचे प्रशिक्षण जहाज केले. १९८७ मध्ये ती दुरुस्तीसाठी हार्टलपूलला नेली, १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले आणि आज ती तिथे संग्रहालयात तरंगते आहे. मुंबईच्या याच गोदीत १८१३ मध्ये बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ साली ब्रिटन आणि चीन यांच्यातील नानकिंगचा तह झाला. मात्र ‘मिंडेन’ या दुसऱ्या मुंबईकर जहाजावर बसून अमेरिकेचे राष्ट्रगीत लिहिले गेले, ही जी गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते, ती आपल्या सदरात येऊ देऊ नये. ते लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की तेव्हा तहाचे निशाण लावलेल्या अमेरिकी नौकेवर होता.

माझी विनंती फार मोठी नाही. आठवड्याला दहा प्रश्नांऐवजी पाच छापावेत आणि सुटलेल्या जागेत प्रत्येक उत्तराखाली दोन ओळींचे कारण द्यावे. ‘पहिला’, ‘सर्वांत जुना’, ‘सर्वांत मोठा’ असे शब्द असलेला प्रश्न छापण्यापूर्वी त्याच्या जोडीला कोणती अट लागते, एवढे संपादकीय विभागाने तपासावे. त्याशिवाय महाराष्ट्र लोकसेवा आयोग जसे प्रथम उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, त्या पाहून अंतिम तालिका काढतो आणि वेळ पडल्यास प्रश्न रद्दही करतो, तशी सोय या सदरात असावी. बुधवारच्या अंकात वाचकांच्या हरकतींना चार ओळी मिळाल्या तर पुरेत. आमच्या अभ्यासिकेतील मुलांनी गेल्या रविवारच्या तीन प्रश्नांची सुधारित शब्दरचना आपापसांत चर्चा करून तयार केली आहे आणि ती या पत्रासोबत वेगळ्या कागदावर पाठवत आहे. पटल्यास येत्या पुरवणीत छापावी. न पटल्यास कुठे चुकते ते कळवावे, मुले वाट पाहत आहेत.

आपला,
एक नियमित वाचक
कराड, जि. सातारा